उपवास, पुआसा आणि तरासी

हॉलंडमध्ये येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. 2013 चा नोव्हेंबर. डेल्फ्टला साडेचारलाच अंधारून यायचं आणि पाऊस असा, की त्याला पाऊस म्हणायलाही जिवावर यावं. दुपारी आमच्या विभागातले डच सहकारी पावाच्या दोन तुकड्यांत चीजची एक चकती घालून पाच मिनिटांत जेवण उरकायचे. मी घरची शाकाहारी, त्यामुळे माझ्याही नशिबी तीच चकती. एके दिवशी मायक्रोवेव्हपाशी उभी होते आणि शेजारून चक्क भाजलेल्या शेंगदाण्याचा, गुळाचा आणि चिंचेचा वास आला. वळून बघितलं तर डोक्याला स्कार्फ बांधलेली एक मुलगी डबा गरम करत होती. मी इतकी टक लावून बघत असणार की तिने काही न विचारता झाकणात अर्धा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. उकडलेल्या फरसबी-कोबी-मोडांवर दाण्याच्या कुटाची दाट चटणी. गादो-गादो.

ती जावा बेटावरच्या योग्याकार्ताची. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी, माझ्यासारखीच गाळाच्या वहनावर डॉक्टरेट करत होती. तिचं नाव इथे लिहीत नाही, ते तिला आवडणार नाही. मी तिला म्बाक म्हणते. जावानीज भाषेत म्बाक म्हणजे ताई. तिकडे भाजीवालीपासून बँकेतल्या बाईपर्यंत सगळ्यांना म्बाक किंवा मास (म्हणजे दादा) म्हणतात, नुसत्या नावाने हाक मारणं उद्धटपणाचं. हे ऐकल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

दाण्याचं कूट सढळ हाताने घालणारं आपल्याखेरीज जगात आणखी कोणी असेल, असं मला वाटलंच नव्हतं. पुढचे चार-पाच महिने आठवड्यातून दोनदा तरी मी म्बाकच्या डब्यातलं गादो-गादो खाल्लं. कधी तेच थोडं वेगळ्या मसाल्याचं, त्याला पचल म्हणायचं. पानं, मोड, वर कुरकुरीत तळलेलं तेम्पे. त्या हिवाळ्यात मी रडले नाही याचं बरंचसं श्रेय त्या डब्याला आहे.

मग मार्चमध्ये मी म्हटलं, मला शिकव. शनिवारी ती मला ट्रॅमने हेगला एका 'टोको'त घेऊन गेली. टोको म्हणजे इंडोनेशियन भाषेत साधं दुकान, पण हॉलंडमध्ये हा शब्द आशियाई वाणसामानाच्या दुकानालाच चिकटलाय. एका फळीवरून तिने कागदात गुंडाळलेली तपकिरी वडी उचलली आणि माझ्या टोपलीत टाकली. मी ती नाकाशी नेली. वास ओळखीचा होता. आमच्या पुण्याच्या वाड्यात खालच्या मजल्यावर मालवणचं कुटुंब राहायचं, त्यांच्याकडे मे महिन्यात गावाहून जवळा यायचा. अगदी तोच वास.

"हे काय आहे?"

"तरासी. बारीक कोळंबीला मीठ लावून, वाळवून, कुटून करतात. थोडीशीच लागते."

"हे गादो-गादोत असतं?"

ती हसत "अर्थात" म्हणाली आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबली.

इथे एक सांगायला हवं. म्बाकने मला फसवलं नव्हतं. मी "मांस खात नाही" असं सांगितलं होतं आणि तिने त्यावर मनापासून विचार करून मांस, मासे, अंडं सगळं वगळलं होतं. तरासी हा तिच्या लेखी प्राणी नव्हताच, मसाला होता. आपण हिंगाला जसं खाणं म्हणून मोजत नाही तसं. जावातल्या नुसत्या पालेभाजीच्या सांबालमध्येही तरासी असते आणि त्या भाजीला कोणी सामिष म्हणत नाही.

परतीच्या ट्रॅममध्ये ती रडायला लागली. मला वाटलं मी काही बोलले. ती म्हणाली, "मला कोणी नकळत डुकराचं खाऊ घातलं असतं तर मला काय वाटलं असतं, त्याचा विचार करतेय." आम्ही दोघी डच सुपरमार्केटमध्ये पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचत उभ्या राहायचो. ती जिलेटिन शोधायची, मी जिलेटिन आणि अंडं. त्यामुळे तिला ते नेमकं कळलं होतं. मी "जाऊ दे, काही हरकत नाही" म्हटलं. पण हरकत होती. तीन आठवडे मी जेवणाची वेळ बदलून घेतली, कामाची सबब सांगून.

चौथ्या आठवड्यात माझ्या टेबलावर दोन डबे होते. एकावर पांढऱ्या चिकटपट्टीवर 'तान्पा' असं लिहिलेलं. तान्पा म्हणजे शिवाय, विना. मी ते गादो-गादो खाल्लं आणि म्हटलं, छान झालंय. खरं सांगायचं तर त्यात काहीतरी कमी होतं. मागे रेंगाळणारी ती खोल चव नव्हती. आपल्या जिभेला हे कळतंय, याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

असो. मैत्री सावरली आणि माझं शिक्षणही सुरू झालं. म्बाकच्या स्वयंपाकघरातला पहिला घोटाळा शब्दांचा. तिने "मरिचा दे" म्हटलं, मी लाल मिरच्या दिल्या. ती म्हणाली, मरिचा! मी आणखी दोन दिल्या. तिला काळी मिरी हवी होती. आपल्या संस्कृत 'मरिच'चा त्यांच्याकडे मरिचा झाला आणि तो प्रामाणिकपणे मिरीलाच चिकटून राहिला. आपण मात्र मिरीचं नाव अमेरिकेतून आलेल्या पाहुणीला देऊन तिची मिरची केली. अर्थात त्यांनीही हेच केलंय, दुसऱ्या शब्दाच्या बाबतीत. चाबे म्हणजे मुळात जावाची लांब पिंपळी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांबरोबर मिरची या भागात आली आणि चाबे हे नाव घेऊन बसली. बिचारी पिंपळी आता 'जावाची चाबे' म्हणून ओळखली जाते.

मग मला नादच लागला. साखरेला गुला म्हणतात, तो आपला गुड, गूळ. मधाला मादू. व्हिनेगरला चुका, संस्कृत 'चुक्र', ज्यावरून आपला आंबट चुका आला. धन्याला कतुम्बार, जे कोथिंबिरीच्या शेजारीच राहतं. लोणच्याला आचार. चवीला 'रासा', आणि मनातल्या भावनेलाही रासाच. शेतातल्या पिकाला पादी, तांदळाला बरास, शिजलेल्याला नासी. आपण पिकालाही भात म्हणतो आणि ताटातल्यालाही, तेव्हा या बाबतीत ते आपल्यापेक्षा काटेकोर. भाताच्या देवीचं नाव देवी स्री. म्हणजे श्री. देशातले बहुसंख्य लोक मुसलमान आहेत, तरी जावातल्या शेतकऱ्यांच्या गोष्टींतून ती गेलेली नाही.

पण हे सगळं आपल्याकडूनच गेलंय, अशी छाती फुगवण्याचं कारण नाही. त्यांच्या स्वयंपाकातलं निम्मं सामान चिनी स्थलांतरितांनी आणलेलं. ताहू म्हणजे सोयाचं पनीर, मी म्हणजे नूडल्स, लुम्पिया, बाक्सो, केचाप, ही सगळी नावं फुकियन प्रांतातल्या होक्कियन बोलीतली. केचाप म्हणजे सोया सॉस. जावात त्यात ताडाचा गूळ ओतून त्याचा काकवीसारखा गोड केचाप मानिस केला गेला. इंग्रजांच्या टोमॅटो केचपचं नावही याच घराण्यातलं. मार्ताबाक अरबांकडून आलेलं. केक आणि लोण्याची बिस्किटं डचांकडून. आणि शेंगदाणा, ज्याच्यावर माझा जीव जडला, तो त्यांचाही नाही आणि आपलाही नाही, दक्षिण अमेरिकेचा आहे. तरीही तेम्पे मात्र अस्सल जावाचं, कोणाकडून न घेतलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या 'सरात चन्थिनी' या जावानीज ग्रंथात त्याचा उल्लेख आहे.

तेम्पेवर मी जरा जास्तच वेळ घालवला, कारण त्यात माझ्यातल्या इंजिनियरला खाद्य होतं. सोयाबीन भिजवायचं, सालं काढायची, उकडून कोरडं करायचं आणि त्यात ऱ्हायझोपस नावाच्या बुरशीचं विरजण लावायचं. पूर्वी हे विरजण जास्वंदीच्या जातीतल्या एका झाडाच्या पानांवर वाढवून ठेवत. तीस अंशांच्या आसपास दीड-दोन दिवस ठेवलं की पांढरे तंतू दाण्यांना एकमेकांत विणून घट्ट वडी करतात. डेल्फ्टमध्ये तीस अंश कुठून आणायचे? मी पिशवी हीटरवर टॉवेल घालून ठेवली. पहिल्या खेपेला काळी, घाण वासाची माती झाली. दुसऱ्या खेपेला थर्मामीटर खुपसला तेव्हा कळलं की अर्ध्या वेळानंतर बुरशी स्वतःच एवढी उष्णता निर्माण करते की आता तिला थंड करायची गरज असते. नफा-तोटा मांडावा तसा उष्णतेचा हिशोब मांडला आणि तिसरं तेम्पे जमलं. म्बाकची आई हे सगळं केळीच्या पानात गुंडाळून, हाताच्या पाठीने ऊब बघून करते, हे मला नंतर कळलं. तेम्पे हे तिकडे गरिबाचं प्रथिन आहे. सोयाबीन मात्र बरंचसं अमेरिकेतून येतं. जानेवारी 2008 मध्ये ते महागलं तेव्हा तेम्पे करणाऱ्यांनी जाकार्तात राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर मोठा मोर्चा काढला होता.

हॉलंडमध्ये इंडोनेशियन जेवण म्हटलं की लोक 'राइस्टटाफेल'वर येतात. शब्दशः भाताचं टेबल. मध्ये भात आणि भोवती बारा, पंधरा, वीस वाट्या. हे इंडोनेशियन नाही. मळ्यांच्या डच मालकांनी आपला थाट दाखवायला तिथल्या वेगवेगळ्या बेटांचे पदार्थ एका टेबलावर ओळीने मांडले, ते हे. बटाव्हियाच्या होटेल देस इंडेसमध्ये एकेक वाटी हातात धरून वाढप्यांची रांगच्या रांग यायची. मला आवडत नाही असं नाही, आमच्या गाइडने डॉक्टरेटच्या मेजवानीला तिथेच नेलं होतं. पण म्बाक त्या टेबलावर बसली की हसत नाही. डेल्फ्टच्या ओउदे डेल्फ्त कालव्यावर डच ईस्ट इंडिया कंपनीची जुनी इमारत आहे. 1602 साली स्थापन झालेल्या त्या कंपनीची सहा शहरांत दालनं होती, त्यात डेल्फ्ट एक. जायफळासाठी याच कंपनीच्या यान पीटरस्झोन कूनने 1621 मध्ये बांदा बेटांवरची बहुतेक लोकसंख्या मारली किंवा हाकलून लावली. त्याचा पुतळा होर्न गावात आहे. डच लोक आजही फ्लॉवरच्या भाजीवर जायफळ किसतात. गंमत म्हणजे इंडोनेशियाच्या रोजच्या स्वयंपाकात जायफळ-लवंगेचं तेवढं चालत नाही. त्यांच्या लवंगा जातात मुख्यतः क्रेतेक नावाच्या सिगारेटींत. खरा मसाला वेगळाच, गलंगल, कंचूर, हळद, कांदा-लसूण आणि गवती चहा. होय, आपण फक्त चहात टाकतो तोच.

आई 2015 च्या जूनमध्ये डेल्फ्टला आली. त्या वर्षी अधिक आषाढ आणि रमजान जवळजवळ बरोबरच सुरू झाले होते. दोन्ही चांद्र महिने, त्यामुळे हे व्हायचंच, पण आईला त्याचं फार नवल वाटलं. उत्तरेकडचा उन्हाळा, सूर्य दहा वाजता मावळायचा. म्बाकचा रोजा एकोणीस तासांचा होई. रोज्याला इंडोनेशियन भाषेत पुआसा म्हणतात. मी आईला म्हटलं, म्हणून बघ. तिने दोन-तीनदा म्हटलं आणि मग डोळे मोठे केले. "उपवास?"

अधिकातल्या एकादशीला म्बाक आमच्याकडे रोजा सोडायला आली. आईने साबुदाण्याची खिचडी केली. आता साबुदाणा हा शब्द मुळात मलय 'सागू'. मोलुक्कास आणि पापुआच्या माडासारख्या झाडाच्या खोडातलं पीठ ते. आपला हल्लीचा साबुदाणा टॅपिओकाचा असला तरी नाव त्यांचंच आहे. म्हणजे आमच्या उपवासाला त्यांचा साबू आणि त्यांच्या पुआसाला आमचा उपवास. म्बाकने आणला होता कोलाक, रोजा सोडताना खातात तो. आईने चौकशी सुरू केली. रताळं? चालतं. केळं? चालतं. नारळाचं दूध, ताडगूळ? चालतात. "आणि हे पान कसलं?" ते केवड्याच्या जातीचं पान निघालं. आईने क्षणभर विचार केला आणि वाटी पुढे केली. खिचडी तर ती दुपारीच खाऊ शकली असती, पण पाहुणी उपाशी असताना कसं खायचं म्हणून तीही दहापर्यंत थांबली होती.

म्बाकने दुसऱ्या दिवसासाठी क्लेपोनही आणले होते. तांदळाच्या पिठाचे हिरवे गोळे, आत ताडगुळाचा खडा, उकळत्या पाण्यात शिजवून वर ओलं खोबरं. दाताखाली गूळ फुटतो. आई दुसऱ्या दिवशी सकाळी एक खाऊन म्हणाली, "हा तर उलटा मोदक. सारण बाहेर ठेवलंय."

तेव्हाच तिने विचारलं, तुझ्या डब्यांवर ती चिकटपट्टी का असते? मी सगळं सांगितलं. सव्वा वर्ष सांगितलं नव्हतं. ती बराच वेळ भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, "हे मला सांगायलाच हवं होतं का?" रागाने नाही, पण दमल्यासारखं. थोड्या वेळाने म्हणाली, "पोरगी रडली म्हणालीस ना?" त्या दिवशी तिने म्बाकसाठी दाण्याचे लाडू वळले.

त्या वर्षाच्या शेवटी म्बाकचे वडील गेले. जावात दफन त्याच दिवशी होतं. ती पोचूच शकली नसती, आणि गेलीही नाही. रात्री मी तिच्या खोलीवर थांबले, दोघी काही बोललो नाही.

2017 मध्ये तिचं संशोधन संपलं आणि ती योग्याला परतली. पुढच्या वर्षी तिचा निरोप आला, बापाकचा न्येवू आहे, येशील? जावात माणूस गेल्यावर तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या आणि हजाराव्या दिवशी शेजाऱ्यांना बोलावून 'स्लामतान' करतात. न्येवू म्हणजे हजारावा दिवस. ज्या एका विधीला ती पोचू शकणार होती तो हा. मी रजा टाकून गेले.

अंगणात चटया. पुरुषांनी अरबीतून प्रार्थना म्हटल्या. मग प्रत्येकाला डबा. त्यात भात, भाजी आणि चिकट तांदूळ, कोलाक, आपम हे ठरलेलं त्रिकूट. आपम म्हणजे आपल्या दक्षिणेतला अप्पम, हे मला पहिल्या घासालाच कळलं. तिकडे मात्र बरेच जण हा शब्द क्षमा मागण्याच्या एका अरबी शब्दावरून आला असं सांगतात. मी वाद घातला नाही. त्या दिवशी तो अर्थच योग्य होता. म्बाकचे एक काका आले नव्हते. असले दिवस पाळणं इस्लाममध्ये बसत नाही, असं मानणारा मोठा वर्ग तिकडे आहे. तसं शिकवणाऱ्या मुहम्मदिया संस्थेची स्थापना 1912 मध्ये याच शहरात झाली. दुसऱ्या दिवशी काका आले आणि उरलेले आपम चहाबरोबर खाऊन गेले.

त्यांच्याकडून मी कुदुसची गोष्ट ऐकली. उत्तर जावातलं हे गाव, तिथल्या जुन्या मशिदीचा मनोरा विटांच्या देवळासारखा. तिथे धर्मप्रसार करणाऱ्या सुनान कुदुसनी लोकांना गाय न मारण्याची विनंती केली, हिंदू शेजाऱ्यांचं मन दुखू नये म्हणून. आजही कुदुसचा सोतो म्हशीच्या मांसाचा करतात. आपल्याकडे हल्ली या विषयावर ज्या आवाजात बोललं जातं, तो आवाज आठवून मी गप्प बसले.

म्बाकच्या आईने, इबूने, माझ्यासाठी गुदग केला होता. कोवळा फणस नारळाच्या दुधात आणि ताडगुळात तासन् तास शिजवायचा, सागाची पानं घालून, त्यांनी तो तांबूस होतो. गोड, इतका गोड की कोकणातल्या फणसाच्या भाजीची सवय असलेल्याला दचकायला होईल. सोबत सांबाल. इबूने माझ्यासमोर दोन दगडी खल घेतले, आमच्या पाट्यासारख्याच काळ्या दगडाचे. एक नवाकोरा होता. जुन्यात वर्षानुवर्षं तरासी वाटली जाते, तो धुऊन वास जात नाही, म्हणून तिने माझ्यासाठी बाजारातून दुसरा आणला होता. तिने मिरच्या, टोमॅटो, गूळ, मीठ वाटलं, बोटावर घेऊन चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"कुरांग," ती म्हणाली. कमी आहे. म्बाक तिला दटावायला लागली. मी इंडोनेशियनमध्ये मला येत होतं तेवढं म्हटलं, की मला माहीत आहे, इबू. ती माझ्याकडे बघत राहिली, मग हसली. लिंबाची पानं चुरडून थोडी घातली, भाजलेले दाणे टाकले, परत चाखलं. पुन्हा वाटलं. असं चार वेळा.

तो खल आता रॉटरडॅमला माझ्या ओट्यावर आहे. सात किलोचा. विमानतळावर जादा वजनाचे पैसे भरून आणला. तिकडे जाणाऱ्या शाकाहारी मंडळींनी 'तान्पा तरासी' हे दोन शब्द पाठ करून जावेत. कुरकुरीत क्रुपुकही बहुधा कोळंबीचं असतं, त्याऐवजी एम्पिंग मागावं, ते एका झाडाच्या बियांचं असतं आणि किंचित कडू लागतं. गादो-गादोचं कूट करताना दाणे तळून घ्या, भाजून नको. चिंच जपून आणि गूळ जरा जास्त. शेवटी लिंबाच्या झाडाचं एक पान चुरडून टाका. तरीही इबूच्या मते कमीच होईल.